सकाळी मोटार का थरथरते?

पौषाचा महिना होता. पहाटेचे साडेपाच वाजले होते. आम्ही अंगणात शेकोटीजवळ बसलो होतो. इतक्यात शेजारच्या आळीतून मोटार सुरू केल्याचा आवाज आला. आवाज कसला, दमेकरी माणसाने खोकावे तसा तो प्रकार. घर्र, घुर्र, फट्, आणि मग गप्प. पुन्हा सेल मारला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गाडी चालू राहिली, पण अशी थरथरत होती की पत्र्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत यावा.

गाडी होती आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. चौथीपर्यंत तो आमच्याच हाताखाली शिकला. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी पेट्रोलची मोटार घेतली. दिवसा तो बाजाराची भाडी करतो. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले तर तालुक्याच्या दवाखान्यात पोचवतो. गावात दुसरी गाडी वेळेला मिळत नाही, म्हणून सगळ्यांची भिस्त याच्यावर.

उजाडल्यावर तो आमच्याकडे आला. तोंड उतरलेले होते.

"गुरुजी, गाडी सकाळची लई थरथरतीया. परवा रात्री एक बाई अडली होती. तिला गाडीत बसवली आणि दारातच गाडी दोनदा बंद पडली. बाई सुखरूप बाळंत झाली, पण माझं काळीज पाणी पाणी झालं."

"मग मिस्त्र्याला दाखवली का?"

"दाखवली की. तो म्हणतो रिंग-पिस्टन गेलं. इंजिन उतरवावं लागंल. चाळीस हजार तयार ठेव म्हणतो. घरातली बोरमाळ गहाण टाकायचा इचार हाय."

आम्ही म्हटले, "बाळ, बोरमाळ आज राहू दे. आधी दुखणे कुठे आहे ते पाहू. औषधाचे नंतर बघू."

आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण वडिलांच्या विहिरीवर तेलावर चालणारे इंजिन होते, आणि पुढे पंधरा वर्षे स्वतःची मोटार वापरली. शाळेत विज्ञान शिकवले ते निराळेच. तेवढ्या जोरावर जे कळले ते येथे सांगतो. वाचकहो, तुमच्या घरात मोटार नसेल, पण भाऊबंदात कुणाकडे तरी असेलच.

आधी इंजिनात काय चालते ते समजून घेऊ. इंजिन म्हणजे एक प्रकारची चूलच. चुलीला सरपण लागते, हवा लागते आणि काडी लागते. इंजिनाला पेट्रोल लागते, हवा लागते आणि ठिणगी लागते. ठिणगी देतो तो प्लग. फरक एवढाच की ही चूल एका बंद नळकांड्यात पेटते आणि तिच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनची चार कामे एकामागून एक होतात. पेट्रोल-हवा आत ओढणे, ती दाबणे, पेटल्यावर खाली जाणे आणि धूर बाहेर टाकणे. अशा चार कामांचे इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली चालवून दाखवले. आजची पेट्रोलची मोटार त्याच रीतीने चालते.

गाडी जागेवर उभी आहे, इंजिन चालू आहे, पण आपण रेस दिलेली नाही, या चालीला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. स्लोला इंजिन मिनिटाला साधारण सातशे ते नऊशे फेरे घेते. थंड असताना ते थोडे जास्त, हजार-बाराशेच्या वर फिरते. ते मुद्दामच तसे केलेले असते, दोष नव्हे. आठशे फेरे धरले, तर चार पिस्टनच्या गाडीत मिनिटाला सोळाशे ठिणग्या पडतात. त्यातल्या काही वाया गेल्या की इंजिन अडखळते. मिस्त्री म्हणतात, गाडी 'मिसिंग' मारते. गाडा चार बैल ओढत आहेत आणि त्यातला एक मध्येच सैल पडतो, तेव्हा गाड्याला जसे हिसके बसतात, तसेच हे.

आता सकाळीच असे का व्हावे? चुलीचेच बघा. दुपारी निखारे असतात, तेव्हा ओले लाकूडही पेट घेते. पहाटे गार चूल पेटवताना मात्र वाळल्या काटक्या लागतात, चार थेंब रॉकेल लागते, फुंकणी लागते. पेट्रोलही तसेच. पेट्रोल पातळ असताना नीट पेटत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गार इंजिनात निम्मे पेट्रोल भिंतीला चिकटून बसते. म्हणून थंडीत थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागते. जुन्या गाड्यांत त्यासाठी 'चोक' नावाची खुंटी ओढत असत. १९८३ साली मारुती ८०० निघाली, तिलाही चोक होता. आताच्या गाड्यांत हे काम एक छोटा संगणक करतो. इंजिन गार आहे की तापले आहे, आत किती हवा आली, हे त्याला निरनिराळे सेन्सर सांगतात. तो त्या मानाने पेट्रोल सोडतो. सेन्सर हे त्याचे जागले. जागल्याने खोटी खबर दिली तर पाटील काय करणार?

हवेचा हिशेब तर ऐकण्यासारखा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला आठ-नऊ हजार लिटर हवा! हे माप चुकले, हवा फार झाली किंवा पेट्रोल फार झाले, की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. तापलेले इंजिन थोडी चूक सोसते. गार इंजिन सोसत नाही. म्हणून लहानसहान दुखणी सकाळी दिसतात आणि दुपारी लपतात.

आम्ही मुलाला खाटेवर बसवले आणि एकेक प्रश्न विचारला. डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारतो ना, तसेच.

"थरथर किती वेळ राहते?"

"तीन-चार मिंटं. मग आपोआप जाते."

"घाट चढताना ओढते का?"

"भरली गाडी बी ओढते, गुरुजी. तिथं काय तक्रार न्हाई."

"तेल कमी होते का? निळा धूर येतो का?"

"न्हाई. सहा महिन्यांत तेल वर घालावं लागलं न्हाई."

हे ऐकले आणि आमच्या मनातली रिंग-पिस्टनची शंका बरीचशी गेली. रिंगा झिजल्या की इंजिन तेल खाते, मागून निळसर धूर येतो, चढावर दम लागतो. यातले काहीच नव्हते. शिवाय रिंगा खरोखर झिजल्या आहेत का, हे इंजिन न उतरवता कळते. प्लग काढून त्या भोकात दाब मोजायचे घड्याळ बसवतात आणि सेल मारतात. प्रत्येक पिस्टनचा दाब काट्यावर दिसतो. याला 'कॉम्प्रेशन' बघणे म्हणतात. तासाभराचे काम आहे. तेवढे केल्याशिवाय कुणी इंजिन उतरवा म्हणाला, तर त्याला हात जोडावेत आणि गाडी घरी आणावी.

"पांढरा धूर येतो का?"

"येतो की! सकाळी येतो. त्याचंच तर भ्या वाटतं."

"थोडा वेळ येतो आणि जातो का?"

"व्हय."

मग भिण्याचे कारण नाही. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून जाते. थंडीत आपल्या तोंडातून वाफ दिसते तशीच ती दिसते. मात्र गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, रेडिएटरच्या डब्यातले पाणी दर आठवड्याला कमी होऊ लागले, किंवा तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर गोष्ट निराळी. तेव्हा हेडचे गॅस्केट फुटून पाणी आत शिरत असते. अशी गाडी चालवू नये. तिथे खर्च करावाच लागतो.

यानंतर जे बिनपैशाचे ते आधी केले. पहाटे गाडी गार असताना किल्ली अर्धी फिरवायला सांगितली, सेल न मारता. मागच्या सीटखाली दोन सेकंद गुणगुण ऐकू आली. तो पेट्रोलचा पंप. किल्ली बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली. असे तीनदा केले आणि मग सेल मारला. रात्रभरात नळीतला पेट्रोलचा दाब उतरत असेल तर अशा वेळी गाडी एकदम नीट सुरू होते, आणि दोष कुठे ते कळते. इथे थरथर तशीच राहिली. म्हणजे पंप निर्दोष सुटला.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळसर बुरशी चढली होती. गाडी बंद ठेवून, आधी वजा खुणेची तार सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ती साफ केली. सेल जोरात फिरू लागला, पण थरथर गेली नाही. हवेचा फिल्टर काढून झटकला. त्यातून भाताच्या तुसासारखा कचरा आणि उंदराच्या लेंड्या निघाल्या. थंडीत उंदरांना इंजिनाची ऊब आवडते, आणि दात घासायला तारा मिळतात. म्हणून सगळ्या तारांवरून बॅटरीचा उजेड टाकून पाहिले. तारा शाबूत होत्या.

इथे आमची एक चूक सांगतो. आम्हाला वाटले, प्लगच खराब असणार. जुन्या सवयीने वाटले. मुलाला सहाशे रुपयांचे चार नवे प्लग आणायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी थरथर जशीच्या तशी! मग आम्ही पेट्रोलवर आलो. २०२३ सालापासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल आपल्याच उसापासून होते, धान्यापासूनही होते. गारव्यात त्याची वाफ पेट्रोलपेक्षा उशिरा होते आणि ते ओल ओढून घेते. गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी असेल तर त्याचा त्रास होऊ शकतो. पण या मुलाची गाडी रोज चालते, दर तीन दिवसांनी टाकी भरते. पेट्रोलमध्ये ओल साठायला वेळ मिळतोच कुठे? हे आम्हाला आधी सुचायला हवे होते.

जुने प्लग मात्र टाकले नव्हते. ते ओळीने पंच्यावर मांडले आणि चष्मा लावून पाहिले. प्लगचे टोक बदामी-तपकिरी असले की इंजिन ठीक. काळे, काजळी धरलेले असले की पेट्रोल जास्त. तेलकट असले की तेल आत येते. इथे चारही टोके पांढुरकी होती. चारही सारखीच! एकच पांढरे असते तर दोष त्या एका पिस्टनचा. चारही पांढरी म्हणजे सगळ्यांनाच पेट्रोल कमी पडते, किंवा सगळ्यांनाच हवा जास्त मिळते. प्लग आरोपी नव्हते, साक्षीदार होते. आणि आम्ही साक्षीदारालाच शिक्षा करून बसलो होतो.

मग आम्ही विचारले, "समोर पिवळा दिवा लागतो का? इंजिनाच्या चित्राचा?"

"लागतो की. लागतो, जातो. आधीचा मालक म्हणाला होता, तिकडं बघायचं न्हाई."

ऐकून आम्ही कपाळाला हात लावला. तो दिवा म्हणजे संगणकाची तक्रार असते. दिवा स्थिर असला तर गाडी सावकाश गॅरेजला न्यावी. तो लुकलुकत असला तर मिसिंग जोराचे आहे असे समजावे. तेव्हा न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात जाऊन तो डबा जाळते. तो डबा फार महाग असतो. अशा वेळी गाडी लगेच बाजूला घ्यावी.

तालुक्याला एक तरुण मिस्त्री आहे. त्याच्याकडे स्कॅनर नावाचे छोटे यंत्र आहे. गाडीच्या स्टिअरिंगखालच्या खाचेत ते जोडले की संगणकाने टिपून ठेवलेला नंबर दिसतो. दोनशे रुपये घेतले त्याने. नंबर निघाला पी ०१७१. त्याचा अर्थ, मिश्रणात हवा जास्त. पी ०३०१ निघाला असता तर पहिला पिस्टन मिसिंग, ०३०२ म्हणजे दुसरा. पण हा नंबर म्हणजे काही निकाल नव्हे. तो पंचनामा आहे. हवा जास्त आहे एवढेच तो सांगतो. ती कुठून शिरते हे माणसानेच शोधायचे.

आम्ही त्या मुलाला एक गोष्ट बजावून सांगितली होती. गाडी संध्याकाळी नेऊन गॅरेजमध्ये ठेव आणि रात्रभर तिथेच राहू दे. पहिल्या मिस्त्र्याकडे हा गाडी घेऊन गेला तो भर दुपारी, बारा किलोमीटर चालवून. गाडी तापलेली, थरथर गेलेली. दुखणे समोर नसताना त्याने अंदाजाने औषध सांगितले. ताप उतरल्यावर रोग्याला दवाखान्यात नेले तर डॉक्टर तरी काय बघणार? तरुण मिस्त्र्याने मात्र पहाटे सहा वाजता गार गाडी स्वतः सुरू केली आणि कान लावून ऐकले. थरथरीच्या आवाजात त्याला बारीक 'सूं' ऐकू आले.

इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणापासून हवेच्या मोठ्या नळीकडे एक बोटभर जाडीचा रबरी पाईप जातो. इंजिनाच्या पोटातली वाफ त्यातून ओढली जाऊन पुन्हा जळते. त्या पाईपच्या वळणाला, खालच्या अंगाला, चीर पडली होती. वरून पाहिले तर पाईप नव्यासारखा! मिस्त्र्याने पट्टा आणि पंखा यांच्यापासून दूर राहून त्या चिरेवर अंगठा दाबला. इंजिन तत्क्षणी शांत झाले. अंगठा काढला, पुन्हा थरथर. मुलाने नंतर आम्हाला सांगितले, "गुरुजी, नळ बंद करावा तसं झालं बघा."

आता सगळा उलगडा होतो. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या तोंडाशी आहे. चिरेतून शिरलेली हवा त्याला दिसतच नाही. संगणक मोजलेल्या हवेपुरते पेट्रोल सोडतो आणि चोरवाटेने आलेली हवा उपाशी राहते. स्लोला इंजिन हवा जोराने ओढत असते, म्हणून चिरेतून जास्त शिरते. रस्त्यावर रेस दिली की मोठी वाट उघडते आणि त्या चिरेचे महत्त्व उरत नाही. म्हणून घाटात गाडी ठीक. मग तापल्यावर स्लोलाही का बरी होते? सायलेन्सरच्या वाटेवर आणखी एक सेन्सर असतो. तो धूर हुंगून सांगतो, 'हवा जास्त झाली, पेट्रोल वाढवा.' पण तो स्वतः तापल्याशिवाय बोलत नाही. सकाळची पहिली काही मिनिटे तो मुका असतो. त्यातून गारठ्याने रबर कडक होते आणि चीर फाकते.

नवा पाईप आणि दोन क्लिपा मिळून तीनशे ऐंशी रुपये झाले. मजुरी शंभर.

पाईप शाबूत असता तर पुढे काय पाहिले असते, तेही सांगून ठेवतो. हवेच्या वाटेवर एक फिरती झडप असते. तिच्या कडेला काळा चिकट थर बसला की स्लोची हवा अडते. ती खास द्रावणाने पुसतात. इंजिनाचा गारवा सांगणारा सेन्सर बिघडला तर तो स्वस्तात बदलतो. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तुंबले असतील तर ते साफ करून घेता येतात. डिझेलच्या गाडीला ठिणगीचा प्लगच नसतो, तिची तऱ्हा निराळी. तिच्यात बहुधा थंडीत आतली हवा तापवणारे हीटर प्लग जळलेले असतात.

या सगळ्यात जिवाला धोका कुठे आहे, ते मोठ्या अक्षरात लिहायला हवे होते. गाडी तापवायची म्हणून पत्र्याच्या बंद शेडमध्ये ती चालू ठेवू नये. दार अर्धे उघडे ठेवले म्हणूनही चालत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. गार आणि थरथरते इंजिन हा वायू जास्त सोडते. थंडीच्या दिवसांत काच लावून, इंजिन चालू ठेवून, अशा शेडमध्ये झोपणारे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. त्यांना उठवा. रागावले तरी उठवा.

दुसरे, चालू इंजिनाच्या प्लगची तार हाताने उपटून बघू नये. जुने मिस्त्री तसे करीत. त्या तारेत हजारो व्होल्ट असतात. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला टॉवेल पट्ट्याजवळ नेऊ नये. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरू लागतो. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, तोंड भाजते.

पाईप बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम पाचलाच उठलो. तापलेल्या गाडीवर परीक्षा घेतली तर ती काही परीक्षा नव्हे. बाहेर चांगलाच गारठा होता. मुलाने अंगणात गाडी आणून रात्रभर उभी केली होती. त्याची बायको चहाचे तीन कप घेऊन आली. त्यातला एक त्याने टपावर ठेवला, काठोकाठ भरलेला, आणि सेल मारला. गाडी एका दमात सुरू झाली. थोडी वेगाने फिरली, मग हळूहळू खाली आली. कपातल्या चहावर बारीक वर्तुळे उठत होती, पण एक थेंब सांडला नाही. पिवळा दिवा लागला नाही.

त्याच्या बायकोच्या गळ्यात बोरमाळ होती. आम्ही खिशातून सहाशे रुपये काढून मुलाच्या हातावर ठेवू लागलो, त्या चार प्लगचे. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, जुनं बी आता पन्नास हजार किलोमीटर फिरलं होतं. कवा ना कवा बदलायचंच होतं."